चौथीच्या पाहुण्या बाई

सुचिता परदेशात जाऊन आली, त्याचा सगळ्यात जास्त फायदा कोणाला झाला असेल तर मला. तिला नाही, तिच्या आईला नाही, आणि ज्या कॉलेजने तिला पाठवलं त्यालाही नाही. हे आधीच सांगून टाकतो. पुढे गोष्टीत मी फार भला माणूस वाटायला लागलो तर मग मला बोल लावू नका.

माझं नाव देवेंद्रकुमार. वाशीमजवळच्या शिरपुरात देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शाळेच्या फाटकासमोर माझं दुकान आहे. वह्या, पेनं, झेरॉक्स, यात्रेकरूंसाठी पूजेचं किरकोळ सामान. आणि आतल्या काचेच्या कपाटात खरा माल, म्हणजे शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह. आमच्याकडे एखाद्या साली सोयाबीनचा भाव पडतो, तुरीचा पडतो, पण सत्काराचा कधी पडत नाही. माणूस नोकरीला लागला की सत्कार, निवृत्त झाला की सत्कार, आणि बदली होऊन गेला तर गेला म्हणूनही सत्कार. मी कोणाला नावं ठेवत नाही, माझं घर त्यावर चालतं. पण सत्काराची शाल कशी असते हे मला विचारा. ती पांघरायची नसते, फोटो निघेपर्यंत खांद्यावर ठेवायची असते. त्या बेताचीच ती विणलेली असते.

सुचिता ही हौसाबाईची मुलगी. गावाबाहेर त्यांचा मळा आहे. मेथी, पालक, कोथिंबीर, वांगी, आणि बांधाने शेवगा. हौसाबाई भल्या पहाटे जुड्या बांधते आणि बाजारात घेऊन बसते. तिचा नवरा मळ्यातून सहसा बाहेर येत नाही, म्हणून या गोष्टीतही येणार नाही. पोरगी लहानपणी माझ्याकडे खाऊ मागायची नाही, खडू मागायची. त्या खडूंनी मळ्यातल्या पाण्याच्या हौदावर पाढे लिहायची आणि वांग्याच्या ओळींना शिकवायची. मास्तरीण व्हायचं हे तिचं तेव्हापासून ठरलेलं. दुसरं काही तिने कधी मागितलं नाही, हे ध्यानात ठेवा.

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला सगळ्यांना शाळेत जाऊन शिकवायची इंटर्नशिप असते. बाकीच्या मुली वाशीमच्या शाळांत गेल्या. सुचिताच्या कॉलेजला मात्र त्या वर्षी कुठल्याशा योजनेत एक जागा मिळाली होती, परदेशातल्या शाळेची. इंग्रजी बरं म्हणून आणि मुख्य म्हणजे बाकीच्यांच्या घरचे हो म्हणेनात म्हणून, ती जागा सुचिताला मिळाली. देश होता एस्टोनिया. गावात कोणी हे नाव ऐकलेलं नव्हतं. हौसाबाईने मला येऊन विचारलं, "शेटजी, हे कुठी हाय?"

मी मोबाइलवर नकाशा काढून दाखवला. तिने तो बराच वेळ पाहिला.

"लय वर हाय," ती म्हणाली. "तिकडे भाजी होते का?"

जाण्याआधी तिचे तीन सत्कार झाले. अजून काही केलंच नव्हतं, तरी झाले. आपल्याकडे माणूस परत येईल न येईल, आधीच उरकून घेतलेलं बरं असतं.

थंडीचे दिवस संपता संपता ती परत आली. आली तशी दुसऱ्याच दिवशी दुकानात येऊन स्टुलावर बसली. रंग थोडा उतरला होता, बाकी तीच. माझी बायको भागिरथी आतून चहा घेऊन आली आणि तिने पहिला प्रश्न विचारला तो जेवणाचा.

"बटाटे, काकू," सुचिता म्हणाली. "काळा ब्रेड अन् बटाटे. बाकी समदं मांसाचं."

जमिनीखालचं काही न खाणाऱ्या आमच्या जैन घरात ही बातमी फार जड गेली. भागिरथीने तिला दोन दिवस पुरेल एवढा चिवडा बांधून दिला.

मग सुचिताने तिथलं सांगितलं. पुढे ते कोणी नीट ऐकलं नाही म्हणून मी इथे लिहून ठेवतो. शाळा एका खेड्यात, आमच्या शाळेच्या चौथाईही मुलं नाहीत. सगळीकडे बर्फ. मुलं दारातच बूट काढून आतले मऊ जोडे घालतात आणि तशीच वर्गात हिंडतात. सुचिता साडी नेसून, वर जाड कोट घालून, भाषण पाठ करून गेलेली. तिला वाटलं, आपल्याला पुढे उभं करतील, ओळख करून देतील, निदान एखादं फूल तरी देतील. तिथल्या बाईंचं नाव टीना. त्यांनी वर्गाच्या मागच्या भिंतीशी एक पोरांच्या मापाची बुटकी खुर्ची दाखवली आणि सांगितलं, बसा आणि बघा. दोन आठवडे नुसतं बघा.

"मले लय राग आला, काका," सुचिता म्हणाली. "म्हटलं, याच्यासाठी विमानात बसवलं का मले? गुडघे हनुवटीले लागून राह्यले होते."

मग तिला इंग्रजीचा तास मिळाला. तिने आपल्या पद्धतीने शिकवला. मोठ्या आवाजात, फळा भरून, खाडखाड. शेवटी नेहमीप्रमाणे विचारलं, समजलं का? आपल्याकडे या प्रश्नाला उत्तर ठरलेलं आहे. मास्तर विचारतात "समजलं का?" आणि वर्ग म्हणतो "होऽऽ". हा प्रश्नच नसतो, ती तास संपल्याची घंटा असते. मी सातवीपर्यंत शिकलो, मला कळलं काहीच नाही, आणि मी एकदाही 'नाही' म्हटलेलं नाही.

त्या वर्गात कोणीच 'हो' म्हटलं नाही. तिने पुन्हा विचारलं, जरा चढ्या आवाजात. तेव्हा पहिल्या बाकावरची एक मुलगी शांतपणे म्हणाली, नाही समजलं. चिडून नाही, खोडी काढून नाही. पाणी संपलंय म्हणून सांगावं तसं. सुचिताने मागे टीनाबाईंकडे पाहिलं, की आता या पोरीला काही बोलतील. टीनाबाई तिच्याचकडे बघत होत्या, की आता ही परत कशी सांगते.

"मले परत सांगताच येईना," सुचिता म्हणाली. "कारण म्यां पहिल्यांदा तेच पाठ केलं होतं. मंग घरी येऊन बसली, पुस्तक बाजूले ठेवलं, अन् दुसऱ्या दिवशी तेच वेगळ्या तऱ्हेनं सांगतलं. तेव्हा ती म्हणली, आता समजलं. काका, मले वाटते म्यां शिकवलं ते तेवढंच. त्याच्या आंधी म्यां नुसतं बोलली होती."

एवढंच ती घेऊन आली होती. बाकी टीनाबाईंनी निघताना दिलेले लोकरीचे पायमोजे.

जूनमध्ये बी.एड.चा निकाल लागला. आमच्या समोरच्या शाळेत चौथीची जागा रिकामी झाली होती, कारण चौथीच्या बाई लग्न होऊन पुण्याला गेल्या होत्या. शाळा खासगी आहे, विनाअनुदानित, आणि तिचे अध्यक्ष आहेत उत्तमराव. त्यांचे एक मंगल कार्यालय आहे, एक गोदाम आहे आणि एक शाळा आहे. तिन्ही ठिकाणी ते सारख्याच मायेने लक्ष घालतात. पांढरे कपडे, गोड आवाज, आणि माइक समोर आला की त्यांना खाली बसवणं कोणाला जमत नाही.

सुचिताने सरकारी भरतीत नाव घातलंच होतं, पण ती रांग कधी हलते ते रांगेतल्यांनाही माहीत नसतं. म्हणून ती उत्तमरावांकडे अर्ज घेऊन गेली. माझ्याच दुकानातून अर्जाची झेरॉक्स काढून, समोरच्या फाटकातून आत. थोड्या वेळाने परत आली ती हातात पेढे घेऊन. मला वाटलं, काम झालं.

"नाई झालं," ती म्हणाली. "साहेब म्हणले, ताई, तुमी परदेशात शिकवलेल्या. तुमाले आमी काय देणार? तुमी आमच्या शाळेत शोभता का? मी म्हटलं, शोभते, साहेब. ते म्हणले, हा तुमचा मोठेपणा हाय. अन् पेढे दिले."

यानंतर सत्कारांची जी रांग लागली ती हलणारी होती. रिठदच्या शाळेत व्याख्यान, विषय 'परदेशातील शिक्षण'. मग कामरगावला. तिथे तर ती बस बदलत गेली आणि परत येता येता अंधार पडला. प्रत्येक शाळेला शाल माझीच, आणि फ्लेक्सची ऑर्डरही मीच घेऊन वाशीमला पाठवायचो. एस्टोनिया या नावावर मात्र कोणाचा भरवसा नव्हता. रिठदच्या फ्लेक्सवर त्यांनी युरोप लिहायला लावलं, ते एक वेळ ठीक. कामरगावच्या संचालकांनी फोनवर सांगितलं, "अमेरिका टाका ना भाऊ, लोकायले समजलं पाह्यजे." मी टाकलं. गिऱ्हाईक सांगेल ते छापायचं.

रिठदला मी स्वतः गेलो होतो, सन्मानचिन्ह पोचवायला. सुचिता बोलायला उभी राहिली आणि तिने त्या 'नाही समजलं' म्हणणाऱ्या मुलीची गोष्ट काढली. सभेत चुळबुळ सुरू झाली. तिथल्या अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली. मग चिठ्ठीने भागेना म्हणून स्वतः माइकपाशी आले आणि म्हणाले, "ताई, तिकडच्या शिस्तीबद्दल सांगा. स्वच्छतेबद्दल सांगा." तिने बुटांबद्दल सांगितलं. जोरात टाळ्या झाल्या. पुढच्या सगळ्या व्याख्यानांत तिने बुटांचंच सांगितलं आणि तिचं नाव चांगलं झालं.

प्रत्येक ठिकाणी ती एकच विचारायची, तुमच्याकडे जागा आहे का. सगळे हसायचे, की ताई किती साध्या आहेत. मला त्या लोकांचा राग यायचा आणि शाली मात्र मी मोजून देत होतो.

शालींचं पुढे काय झालं ते मला बाजारात कळलं. हौसाबाई मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या नेहमी ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवते, उन्हाने मलूल होऊ नयेत म्हणून. एका आठवडी बाजारी पाहतो तर गोणपाटाऐवजी माझी शाल. जरीचा काठ, मधे मोर, आणि खाली पालक.

"शेटजी," हौसाबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "तुमची शाल पाणीच धरत नाई. शिंपडलं की निथळून जाते. गोणपाट बरं."

माझ्या मालाची इतकी खरी परीक्षा आजवर कोणी घेतली नव्हती. मी कोथिंबीर घेतली आणि गुपचूप घरी आलो.

"नारळाचं बरं हाय," ती मागून म्हणाली. "चटणीले कमी नाई पडत."

शेवटी, सगळ्या जिल्ह्याने केला म्हटल्यावर, आमच्या शाळेनेही सुचिताचा सत्कार करायचं ठरवलं. फाटकावर मोठा फ्लेक्स लागला, त्यावर सुचिताचा फोटो, मागे बर्फाचा डोंगर आणि खाली 'आता आपल्या शिरपुरात परदेशी पॅटर्नचे शिक्षण! प्रवेश सुरू'. फोटोतली बाई शाळेत नव्हती, आणि चौथीला तर कोणतीच बाई नव्हती. शिपाई अधूनमधून डोकावून दम देऊन जायचा, तेवढंच चौथीच्या पोरांचं शिक्षण.

त्या दिवशी मी शाल, नारळ घेऊन हजर होतो. मैदानात पाचवीपासूनची पोरं रांगांत बसवली होती. लहानांना उन्हात नको म्हणून वर्गातच ठेवलं होतं. सत्कार आधी झाला, भाषणं मागाहून. उत्तमराव उठले, माइक हातात घेतला, आणि मला कळलं की आता सावली सरकेपर्यंत सुटका नाही. त्यांनी सुचिताच्या जिद्दीवर बोलायला सुरुवात केली. मग मातृशक्तीवर आले, मग स्वतःच्या लहानपणावर.

मध्येच माझं लक्ष मंचाकडे गेलं तर सुचिताची खुर्ची रिकामी. म्हणजे अगदी रिकामी नाही, पाठीवर शाल व्यवस्थित पांघरलेली होती. उत्तमराव दर दोन वाक्यांनी त्या खुर्चीकडे हात करून म्हणत, "अशा या आपल्या ताई!" आणि पोरं टाळ्या वाजवत. ताई नाहीत हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

मी उठून मागे गेलो. चौथीच्या वर्गातून दगडावर नारळ फोडल्याचा आवाज आला. सत्काराचाच नारळ. सुचिताने त्याचं पाणी एका पेल्यात काढून ठेवलं होतं आणि दोन करवंट्या पोरांना दाखवत होती. अपूर्णांक चालले होते. अर्धा, पाव, पाऊण.

"समजलं का?" तिने विचारलं.

"होऽऽ," वर्ग ओरडला.

"समजलं तर सांगा, अर्धा मोठा का पाव मोठा?"

"पाऽऽव," निम्मा वर्ग म्हणाला. उरलेला निम्मा बाहेरच्या टाळ्या ऐकून टाळ्या वाजवायला लागला.

ती रागावली नाही. टेबलापासून हटून ती खाली फरशीवर, त्यांच्या मधोमध बसली. "हे पाहा," ती म्हणाली. "मले खोटं 'हो' नाई पाह्यजे. ज्याले नाई समजलं, त्यानं म्हणायचं, नाई समजलं. त्याले मी खोबऱ्याचा पहिला तुकडा देईन."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांना हा काहीतरी सापळा वाटला असावा. बाहेर उत्तमराव त्यांच्या आजोबांपर्यंत पोचले होते. मग खिडकीपाशी बसलेली, दोन वेण्या घातलेली एक मुलगी, तिचं नाव सायली, खाली बघत म्हणाली, "नाई समजलं, बाई. दोनपेक्षा चार मोठे. मंग चार भाग केले तं लहान कायले होते?"

मी दारात उभा होतो. सुचिताचा चेहरा मला दिसला. इतके सत्कार मी पाहिले, पण एकाही सत्कारात तिचा चेहरा तसा झालेला मला आठवत नाही. तिने एका करवंटीतल्या खोबऱ्याचे सरळ दोन तुकडे केले, म्हणजे एकेक तुकडा आख्ख्या नारळाचा पाव, आणि सायलीच्या हातात एक दिला. "आता बोल. तुले हे पाह्यजे का हे आखं अर्धं?" सायलीने आधी तुकड्याकडे पाहिलं, मग दुसऱ्या, न कापलेल्या करवंटीकडे, मग पुन्हा तुकड्याकडे, आणि हळूहळू हसायला लागली.

तेवढ्यात ताई गायब असल्याचं मैदानात कोणाच्या तरी लक्षात आलं. उत्तमराव, मुख्याध्यापक दिनेश सर आणि फोटोवाला, सगळे चौथीच्या दारात. मला वाटलं, आता पोरीची काही खैर नाही. पण उत्तमराव हा कसलेला माणूस. त्यांनी एक नजर फरशीवर बसलेल्या बाईवर टाकली, एक नारळावर, आणि फोटोवाल्याला म्हणाले, "घे. परदेशी पॅटर्नचं प्रात्यक्षिक."

दुसऱ्या दिवशी सुचिता पुन्हा प्रात्यक्षिकाला आली. तिसऱ्या दिवशीही. दिनेश सरांनी तिला थांबवावं कसं? पाहुण्याला हाकलता येत नाही. पगाराचं नाव नाही, हजेरीपटात नाव नाही, शिक्षकांच्या खोलीत खुर्ची नाही. पण सकाळी मळ्यातली भाजी काढून देऊन, हात धुऊन, स्वतःच्या फ्लेक्सखालून ती रोज आत जायची आणि शाळा सुटली की माझ्या स्टुलावर येऊन बसायची.

"किती दिवस फुकटात राबशील व?" भागिरथीने एकदा तिला विचारलं.

"तिकडे मले कोणी ओळखत नव्हतं, काकू, पण वर्ग देला होता. इकडे समदे ओळखतात अन् वर्ग मागून घ्या लागून राह्यला," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "घरी लग्नाची दोन ठिकाणं येऊन गेली. नोकरी नाई तं बाबा किती दिवस थांबवतीन? नोकरीची ऑर्डर पाह्यजे, काकू. ऑर्डर भेटली तं मी अठीच, गावात राहीन."

डिसेंबरात उत्तमराव स्वतः तिला म्हणाले, "ताई, सव्वीस जानेवारीले तुमच्याबद्दल एक मोठी घोषणा करू." सुचिता दुकानात आली ती स्टुलावर न बसताच सांगायला लागली. हौसाबाईने गावदेवीला नारळ बोलला. तो मात्र विकतचा. उत्तमरावांनी माझ्याकडून या खेपेला भारी शाल मागवली, पैठणी काठाची. मीही मनातून खूश झालो. उगाच कशाला नाकारू?

सव्वीस जानेवारीला मैदान भरलं होतं. पालक आले होते, हौसाबाई बाजार सोडून पदर नीट करून बायकांत बसली होती. झेंडा झाला, कवायत झाली. सुचिता चौथीच्या रांगेच्या टोकाला, पोरांबरोबर उभी. उत्तमराव माइकवर आले.

"आपल्या शाळेच्या पाहुण्या, सुचिताताई," ते म्हणाले, "यांच्या निःस्वार्थ सेवेचा गौरव म्हणून, आजपासून संस्था त्यांना आपले मानद मार्गदर्शक म्हणून घोषित करत आहे. त्या पाहुण्या नाहीत, त्या आपल्या आहेत. त्या आपल्या आहेत म्हणूनच त्यांना आपण पगाराच्या बंधनात अडकवणार नाही."

टाळ्या पडल्या. हौसाबाईनेही वाजवल्या, कारण तिला वाटलं नोकरी लागली. मी शालीचा डबा उघडत होतो, माझे हात थांबले. मानद म्हणजे काय ते मला माहीत आहे, सन्मानचिन्हावर मी तो शब्द नेहमी कोरून आणतो. त्याचा अर्थ, काही मिळणार नाही. सुचिताला अर्थ समजला होता.  तिच्या ओठांवर सत्कारातलं सवयीचं हसू येऊ लागलं होतं, आणि ते पाहून मला भडभडून आलं.

"समजलं का, मुलांनो?" उत्तमराव शेवटी म्हणाले. ते नेहमीच म्हणतात.

"होऽऽ," सगळी शाळा ओरडली.

आणि तो आवाज विरल्यावर चौथीच्या रांगेतून एक बारीक आवाज आला. "नाई समजलं."

सायली उभी होती. पोरं हसली. दिनेश सर डोळे वटारत तिकडे निघाले. मीही डब्याआडून हाताने खूण केली, खाली बस बाई, खाली बस.

उत्तमराव हसले. लहान पोरगी, समोर पालक. "काय नाही समजलं बाळा?"

"पाहुण्या रोज येतात का?" सायली म्हणाली. "आमच्या बाई रोज येतात. मंग त्या पाहुण्या हायत का आमच्या बाई हायत?"

"आत्ताच सांगितलं ना, त्या आपल्या आहेत."

"मंग दिनेश सरायवानी त्यायले खुर्ची काहून नाई?"

 सगळे सुचिताकडे बघायला लागले. तिने नुसतं बोट खाली केलं असतं तरी सायली बसली असती, शाल खांद्यावर पडली असती, फोटो निघाला असता. 'मानद' तरी पदरात राहिलं असतं, आणि पुढेमागे उत्तमरावांना दया आली असती. मी तिच्या जागी असतो तर पोरीला बसवलं असतं. सुचिताने सायलीच्या खांद्यावर हात ठेवला. बसवायला नाही, उभं ठेवायला.

"साहेब," ती म्हणाली. माइक नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू आलं. "मलेबी नाई समजलं. एकडाव परत सांगता का?"

उत्तमरावांनी तोंड उघडलं. इतकी वर्षं ते बोलत आले, पण तेच पुन्हा, वेगळ्या तऱ्हेने सांगायची पाळी त्यांच्यावर कधी आली नव्हती. त्यांनी सुरुवात केली, "म्हणजे असं, की सेवा..." आणि थांबले. पालकांतून एकजण म्हणाला, "सांगा ना भाऊ, आमालेबी समजू द्या." मग आणखी कोणी. मग हौसाबाई उभी राहिली आणि तिने शेजारणीला मोठ्याने विचारलं, "म्हणजे नोकरी नाई का लागली?"

 उत्तमराव पुढच्या निवडणुकीत उभे राहणार आहेत, हे मैदानातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, त्यांना तर सगळ्यात जास्त. त्यांनी माइक दिनेश सरांच्या हातात दिला आणि हळू आवाजात म्हणाले, "उद्या हिची ऑर्डर काढ." माइक चालू होता.

ऑर्डर निघाली. दुसऱ्या दिवशी नाही, पण निघाली. पैठणी काठाची शाल मात्र मला परत आली. ज्याला नोकरी दिली त्याचा सत्कार कशाला, असं दिनेश सर म्हणाले, आणि ते बरोबरच होतं.

सुचिता आता चौथीच्या वर्गावर असते. फाटकावरचा फ्लेक्स निघाला आणि पुन्हा कोणत्याही शाळेने तिला व्याख्यानाला बोलावलं नाही. मागे रिठदच्या अध्यक्षांना मी विचारलं, यंदा परदेशी शिक्षणावर कार्यक्रम नाही का. ते म्हणाले, "हाय ना. पण मोठा माणूस पाह्यजे. गावच्या शाळेतल्या बाईले तिकडचं काय समजते?" मी त्यांना शाल बांधून दिली.

परवा हौसाबाई दुकानात आली. पोरीची नोकरी, पोरीचा पगार, सगळं ठीक आहे म्हणाली. मग कपाटाकडे बघत जरा घुटमळली.

"एक नारळ द्या, शेटजी," ती म्हणाली. "पोरगी कामाले लागली अन् चटणीचा नारळ इकत घ्या लागून राह्यला."